हॅवर्नची बहीण

माझ्या सरदाराच्या तोंडावर बर्दियाने चहाचा पेला ठेवला, आणि आमची ओळख झाली.

स्टुडिओच्या टेबलावर मी फारसीत आणलेली कादंबरी पडली होती. मुखपृष्ठावर सीमेवरच्या गडाचा सरदार हॅवर्न. पेला उचलला तेव्हा त्याच्या गालावर तपकिरी गोल उमटलेला होता.

"माफ करा हं, खानूम... तुमचे कोणी नातलग का?"

"पंधराव्या वर्षापासूनचं प्रेम आहे ते माझं."

"अरेरे!" त्याने बाहीने पुस्तक पुसलं. "आणि मालिकेत त्याचा आवाज मी देणार. म्हणजे तुम्ही मला फाडून खाणार!"

आवाज असा, की रागवायचं राहूनच गेलं. त्या कादंबरीवरच्या परदेशी मालिकेचे फारसी संवाद मी लिहीत होते, त्यामुळे रोजच गाठ पडू लागली. काम संपलं की चिनारांच्या रांगेखालून आम्ही चौकापर्यंत चालत जायचो. गाडीवरचं वाफाळतं बीट कागदात घ्यायचं, बोटं लाल करून खायचं... आणि बोलायचं हॅवर्नबद्दल.

"शत्रूची राजकन्या त्याच्या कैदेत सापडते," मी सांगायची. "तिला ओलीस ठेवलं तर गड वाचणार असतो. पण सुखरूप घरी पाठवीन असा शब्द त्याने दिलेला. तो दार उघडतो आणि म्हणतो, 'दार उघडं आहे. घोडा तयार आहे. परत यावंसं वाटलं तर स्वतःच्या पायांनी या.' गड जातो. पण हा माणूस खोटं बोलत नाही!"

"आपल्या दोघांत हा तिसरा किती दिवस चालणार आहे?" बर्दिया पुटपुटायचा. "जो माणूस जन्मालाच आला नाही, त्याच्याशी मी कुस्ती तरी कशी खेळू?"

त्याचं ते जळणं मला फार आवडायचं. जळायची माझी वेळ अजून यायची होती.

पाचवा भाग आला आणि मी कपाळाला हात लावला. पडद्यावरचा हॅवर्न दार उघडतच नव्हता! राजकन्येच्या प्रेमात पडून तो तिला म्हणत होता, "गड जाऊ दे, शब्द जाऊ दे... तू जाऊ नकोस."

"अब्रूदार माणसाचा पार लाळघोट्या केला!" मी स्टुडिओभर ओरडत फिरले. मला वाटलं, मी पुस्तकासाठी भांडतेय.

मग तालीम झाली. आमचे डबिंगचे दिग्दर्शक उस्ताद कियानूश जुन्या वळणाचे. प्रेमाचा प्रसंग ते एकाच माइकवर, शेजारी उभं करूनच घ्यायचे. राजकन्येचा आवाज पूपक खानूमचा. वय साठ, गुडघे दुखरे, पिशवीत कायम विणकाम. पण तोंड उघडलं की एकोणीस वर्षांची पोर! बर्दिया तिच्याकडे झुकून म्हणाला, "तू जाऊ नकोस..." आणि काचेमागे माझा नुसता तिळपापड झाला. हो, एका आजीबाईच्या आवाजावर मी जळत होते. कारण ते वाक्य मला कुणीच म्हटलं नव्हतं.

आमच्याकडे डबिंगमध्ये एक जुना तोडगा आहे. पडद्यावरचे प्रेमी सेन्सॉरला खटकतील असं वाटलं, की त्यांना बहीणभाऊ करून टाकायचं. मी तेच केलं. राजकन्या ही हॅवर्नची लहानपणी हरवलेली बहीण झाली! "वरून सूचना आहे," असं मी उस्तादांना बेधडक सांगितलं. आठवडाभर मला छान झोप लागली.

सातव्या भागात हॅवर्नने भर दरबारात गुडघे टेकले आणि राजकन्येच्या बोटात अंगठी घातली.

उस्तादांनी चित्र थांबवलं. "शकीबा खानूम, हा इसम सख्ख्या बहिणीशी लग्न करतोय."

पूपक खानूम हसता हसता खुर्चीतच बसली. उस्तादांनी सेन्सॉरच्या परवानगीचा कागद काढला. पाचव्या भागावर एकही कात्री नव्हती. "ही वरची सूचना आली कुठून?"

काम जाईल ही भीती होतीच... पण बर्दिया माझ्याकडे बघत होता, ते जास्त लागत होतं.

"पुस्तकातला हॅवर्न..." मी सुरुवात केली.

"पुस्तकातल्या हॅवर्नने खोटं बोलायचं नाही म्हणून गड घालवला," बर्दिया शांतपणे म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत. बीट खाताना."

मालिकेने हॅवर्नची अब्रू घेतली म्हणून मी स्टुडिओ डोक्यावर घेतला होता, आणि त्याला सर्वांत खोटं वाक्य माझ्याच हातून मिळालं होतं.

"सूचना नव्हती," मी म्हणाले. "मी जळत होते. ते वाक्य यांनी दुसऱ्या कुणाला म्हटलेलं मला सहन होत नव्हतं."

"माझ्यावर जळलीस?" पूपक खानूमने विणकाम खाली ठेवलं. "देव तुझं भलं करो, पोरी! वीस वर्षांत कुणी जळलं नव्हतं गं माझ्यावर."

उस्ताद हसले नाहीत. "आजच्या आज पाचवा भाग होता तसा लिहा. आणि काचेमागे बसून पुरता ऐका."

मी लिहिला. मी ऐकला. बर्दियाने ते वाक्य जीव ओतून म्हटलं, माझ्याकडे एकदाही न बघता. पोटात दुखलंच. पण पडद्यावरचा हॅवर्नही बिचारा घाबरलेला माणूसच आहे, हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. हातचं जाईल म्हणून तो दार लावून बसला होता. मीही तेच केलं होतं.

निघताना बर्दिया माझ्याआधी जिना उतरला. संपलं सगळं, असं मी धरून चालले. खाली आले तर हा रस्त्याकडचं दार धरून उभा, केसांवर बर्फ.

"दार उघडं आहे," तो म्हणाला. "घोडा नाही... बीटची गाडी आहे. यावंसं वाटलं तर..."

"तर स्वतःच्या पायांनी, माहितीये."

"आणि शुक्रवारी," तो अडखळला, त्याचा तो सुंदर आवाज चक्क फाटला, "शुक्रवारी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ का? फुलं, मिठाई... रीतसर मागणी घालायला?"

मी पायरी उतरले. त्याने हात पुढे केला, मग रस्त्याकडे बघून मागे घेतला. "चौकात गस्तीवाल्यांनी अडवून विचारलं, या तुमच्या कोण, तर काय सांगू? लग्न न झालेले सगळे सांगतात तसं..."

मी त्याचा हात धरला.

"काय वाटेल ते सांगा," मी म्हणाले. "फक्त बहीण म्हणू नका."