ठिपक्यांची बार्शी गाडी

सोलापूर स्टँडवर चारच्या बार्शी गाडीच्या खिडकीतून एक निळा रुमाल आत आला आणि हेमावतीच्या डोक्यावर बसला.

ती खिडकीशी बसून बाहेरची माणसं मोजत होती… ओंदू, एरडू, मूरू. वळसंगची असल्यामुळे तिचं मोजणं कन्नडमध्येच चालायचं. रुमाल पडला तेव्हा ती एक्केचाळीसवर होती. पुढची माणसं मोजायची राहिली, ती त्या दिवशी राहिलीच.

थोड्या वेळाने गर्दीतून चुरगळून निघालेला एक उंच तरुण सीटजवळ येऊन थांबला. त्याने आधी रुमालाकडे पाहिलं, मग रुमालाखालच्या मुलीकडे.

"बाहेर ऊन लई, आतलं काय दिसलं न्हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "सीट तुमची. पण डोकं माझं समजू का?"

"डोकं कामात आहे," हेमावती म्हणाली. हसू मात्र तिला वेळेत आवरता आलं नाही.

त्याचं नाव इंद्रजीत. बार्शीच्या धान्यबाजारातले वजनकाटे दुरुस्त करायचा आणि सुट्या भागांसाठी सोलापूरला यायचा. गाडी सुटण्याआधी ती उतरली आणि जागा त्याला मिळाली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही आला, तेव्हा बार्शीतले काटे एवढे बिघडतात तरी कसे, असं तिने विचारलं. काही काटे मुळात चांगले होते, असं त्याने कबूल केलं.

मग तिने त्याला लॅपटॉप दाखवला. पडद्यावर दोनशे ठिपके होते, प्रत्येक ठिपका म्हणजे एक प्रवासी. त्याला एकदोन साधे नियम द्यायचे, सोडून द्यायचं आणि गर्दी आपोआप काय करते ते बघायचं. हे सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेलं, गावाच्या आडासारखं. पाणी कुणीही न्यावं, गाळ सगळ्यांनी काढावा. त्या आडात हेमावतीला आपली एक घागर ओतायची होती, गर्दीत एसटी कशी भरते त्याच्या मॉडेलची. शुक्रवारी नवी आवृत्ती निघणार होती. तोवर मॉडेल पटलं नाही तर ते वगळणार होते, आणि दोन वर्षांची मेहनत तिच्या लॅपटॉपमध्येच पडून राहणार होती.

अडलं होतं ते रुमालावर. तपासणाऱ्या बाई फिनलंडच्या. त्यांनी फार अदबीने विचारलं होतं, की आधी चढलेला माणूस तो रुमाल बाजूला का करत नाही? त्यावर नाव असतं का? पोलीस असतात का?

हेमावतीने ठिपक्यांना भीती घालून पाहिली. थोडी घातली तर ठिपके रुमाल फेकून एकमेकांच्या अंगावर बसले. जास्त घातली तर दोनशेच्या दोनशे फलाटावर थरथरत उभे राहिले आणि एसटी रिकामीच बार्शीला गेली.

इंद्रजीत त्या बिचाऱ्या ठिपक्यांवर वाकला.

"भ्या कशाचं?" तो म्हणाला. "हात जातोय की रुमालाकडं, माझाबी गेलाय. पण तवाच आटवतं… परवा आपण लांब गर्दीत अडकलो हुतो, आणि आपला रुमाल कुणीतरी तसाच ठेवला हुता. कोण, ते ठावं न्हाय."

हेमावतीने लॅपटॉप पुढे ओढला. मग तिने भीती पुसली आणि प्रत्येक ठिपक्याला थोडी आठवण दिली. आपल्या रुमालाचं मागच्या वेळी काय झालं, एवढीच.

पहिल्या काही फेऱ्यांत ठिपके भांडले. हळूहळू भांडणं विरळ झाली. मग एक ठिपका रुमालापाशी आला आणि थांबला. 'थांब' असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं, तिनेही नाही. क्षणभर तो तिथेच घुटमळला… आणि पुढच्या सीटकडे गेला. मग दुसरा थांबला, मग कितीतरी. गाडी भरायला तिने स्टँडवर महिनाभर मोजली होती तेवढीच मिनिटं लागली.

तिच्या हातावर काटा आला होता. शेजारच्या दंडावरही होता.

"ही रीत आपुन केली?" त्याने हळूच विचारलं.

"आपण नाही," ती म्हणाली. "त्यांनी केली."

शुक्रवारी दुपारी फिनलंडहून उत्तर आलं. मॉडेल घेतलं होतं. बाईंनी ते अकरा वेळा चालवलं होतं, त्यातल्या शेवटच्या सात वेळा तपासायला नव्हे, नुसतं बघायला. लेखकांच्या यादीत हेमावतीने दोन नावं दिली होती. दुसऱ्या नावापुढे हुद्दा लिहिला होता, 'वजनकाटे दुरुस्ती, बार्शी'. त्यावर कुणी शंका काढली नाही.

शनिवारी ती लॅपटॉप न घेता स्टँडवर आली. चारची गाडी खच्चून भरली होती. इंद्रजीत खिडकीत होता.

"काम झालं की," तो खाली वाकून म्हणाला. "आज काय मोजायलाय?"

"काही नाही."

"मग?"

ती ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली. "तुम्ही आलात का ते बघायला… रोज त्यासाठीच येत होते. माणसं मोजून दहा दिवसांपूर्वीच झाली होती."

कंडक्टर अण्णारावांनी घंटी मारली. इंद्रजीत उठला. मे महिन्यात, बार्शी गाडीत, खिडकीची सीट सोडून तो माणसांच्या गर्दीतून उलटा दाराकडे निघाला. बरं वाटत नाही का, असं एका आजोबांनी काळजीने विचारलं. अण्णारावांनी त्याच्या पोटाकडे पाहून पाणी देऊ केलं.

तो उतरला. गाडी गेली. धूळ खाली बसायला वेळ लागला.

"पुढची साडेपाचला हाय," इंद्रजीत म्हणाला.

"तीपण भरेल."

"भरू दे की," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी बाकावर बसला.