घरचं टोक

मालन दळण घेऊन परत आली, तेव्हा जिन्यात भगवान बसला होता.

ठाकुर्लीतल्या त्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण ती फ्लॅट विकताना दाखवायला. एरवी सगळा कारभार पायावर. भरला डबा घेऊन तिसरा मजला चढायचा म्हणजे माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. त्यात नवरात्र तोंडावर आलेलं, आणि भर दुपारी आभाळ असं काळं होऊन बसलेलं, की पायरीवरचा माणूस कोण आहे हे कळायला मालनला त्याच्या अगदी जवळ जावं लागलं.

"वहिनी," भगवान उठून उभा राहिला. "थोडं बोलायचं होतं."

"बोलायला मे महिन्यात यायला हवं होतं, भाऊ," मालन म्हणाली. पण कुलूप उघडलं आणि दार सताड ठेवलं. दाराशी आलेल्याला हाकलायची त्या घरात पद्धत नव्हती.

आता हा भगवान कोण, ते सांगतो. टग म्हणजे दुसऱ्या बोटी ओढून नेणारी बोट; हा तिच्यावरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. मालनचा नवरा उत्तम त्याच्याच हाताखाली खलाशी होता. मेच्या शेवटी नौदलाची एक छोटी गस्ती नौका भंगारात निघाली होती. तोफ उतरवलेली, इंजिन काढून घेतलेलं, नुसता सांगाडा. तिला दोर लावून किनाऱ्याकिनाऱ्याने ओढत आणायचं काम भगवानच्या टगला मिळालं. अशा मेलेल्या बोटीवर एक जिता माणूस ठेवावा लागतो, आत आलेलं पाणी उपसायला आणि दोरावर लक्ष ठेवायला. तो उत्तम. वाटेत वादळ उठलं, बोट बुडाली आणि उत्तम तिच्याबरोबर गेला. टग मात्र धडधाकट परत आली. चौकशीत भगवानने सांगितलं, उत्तमने बांधलेली गाठ सुटली. खलाशांच्या ग्रुपवरही त्याने तेच टाकलं, आणि बंदरावरच्या चहाच्या टपरीपर्यंत तेच झालं.

मालनला तुम्ही दुसरं काहीही बोला, ती ऐकून घेईल किंवा दुप्पट ऐकवेल. पण उत्तमची गाठ? लेकीचा, सान्वीचा पाळणा, गणपतीच्या मंडळाचा मांडव, गच्चीवर टाकी चढवताना लावलेला दोर, अख्ख्या बिल्डिंगला गाठ मारायची म्हटली की उत्तमलाच हाक जायची. बांधायला वेळ लावायचा, पण बांधलं की बांधलं. त्या माणसाच्या नावाला ही गाठ चिकटली, तेव्हा नवरा दुसऱ्यांदा मेल्यासारखं तिला झालं. पहिल्या खेपेला ती रडली होती. दुसऱ्या खेपेला रडली नाही, पेटली.

त्या घरात दापोलीकडून आलेली एक रीत होती. बोट ओढायच्या कामावर निघताना माणसाने त्याच दोराचा हातभर तुकडा कापून आणायचा, घराच्या खिडकीच्या गजाला बांधायचा आणि मोकळं टोक बाहेर सोडायचं. त्याला म्हणायचे घरचं टोक. समुद्रावरचं टोक माणसाच्या हातात, हे घराच्या हातात. परत आला की त्याने स्वतःच ती गाठ सोडायची, दोर गुंडाळून दाराजवळच्या खिळ्याला लावायचा, मोरीत पाय धुवायचे आणि मग चहा मागायचा. उत्तम हे सगळं एक शब्द न बोलता करायचा. माणूस आलाच नाही तर बाराव्याला घरातल्या मोठ्याने गाठ सोडून दोर पाण्यात सोडायचा.

बाराव्याला चुलत दीर देवराम सोडायला उठला. मालन खिडकीपुढे आडवी उभी राहिली.

"त्यांची ही एकच गाठ उरलीय," ती म्हणाली. "हिला हात लावाल तर न जेवता जाल."

देवराम बसला. जेवूनच गेला.

तेव्हापासून तो दोर तिथेच होता. आणि पाऊस सुरू झाल्यावर तो नीट वागेना. आभाळ भरलं, की वारा असो नसो, बाहेरचं टोक आपणहून उचललं जायचं आणि खाडीच्या दिशेने ताठ व्हायचं. मग त्यातून गुणगुण यायची, बंद ओठांनी कुणी सूर धरावा तशी. खोलीत डिझेलचा वास पसरायचा. खालच्या मजल्यावरच्या चित्राताई एकदा वर येऊन म्हणाल्या, "मालन, तुमच्या खिडकीतून काय गळतं गं? माझ्या कपड्यांवर मीठ बसतंय."

"कपडे आत वाळत घाला, ताई," मालनने एवढंच सांगितलं होतं.

सान्वी आधी घाबरली, मग कॉलेजच्या नादात विसरली. मालन घाबरली नाही. मेलेला असला तरी माणूस आपला आहे, आणि आपल्या माणसाला काय घाबरायचं, असा तिचा सरळ हिशेब होता.

तर भगवान आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि खिडकीकडे पाठ केली. मालनने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. दळणाचा डबा तिथेच जमिनीवर होता.

"टग चालत नाही, वहिनी," तो म्हणाला. "मागे काही बांधलेलं नसतं. तरी ओढल्यासारखी चालते. इंजिन फुल लावलं तरी जागच्या जागी. मागे बघावं तर फेसाच्या दोन रांगा. एक आमची, आणि एक जरा मागून येणारी."

"टग बदला."

"बदलली. दुसरीवर गेलो तर दुसरी जड झाली. पोरं माझ्याबरोबर यायला तयार नाहीत. आज सकाळपासून रेतीबंदरावर इंजिन चालू आहे आणि टग धक्का सोडत नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "देवराम म्हणाला, तुम्ही घरचं टोक सोडलेलं नाही. ते सोडा, वहिनी. त्यालाही सुटू दे... मलाही."

मालन त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "सोडते. एक सांगा. गाठ सुटली?"

"सुटली."

"माझ्याकडे बघून सांगा."

भगवानने बघितलं नाही. बाहेर गडगडलं आणि त्याबरोबर वीज गेली. पंखा हळूहळू थांबला. तो पुरता थांबल्यावर ती गुणगुण ऐकू आली.

दोर उचलला गेला होता. खिडकीतून बाहेर, खाडीच्या रोखाने, सुतारी दोरीसारखा सरळ. पाऊस अजून पडत नव्हता, तरी दोरातून पाणी ठिबकत होतं. गजाने एक बारीक कुरकुर केली.

"वहिनी... हा हातभरच आहे ना?"

"हातभरच."

"मग ते दुसरं टोक... का दिसत नाही?"

खरंच दिसत नव्हतं. दोर समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवरून पलीकडे गेला होता, आणि त्याच्यापुढे नुसता काळोख होता.

भगवान ताडकन उठला. खिशातून चाकू काढला आणि खिडकीशी गेला. पातं दोराला लागलं मात्र, गुणगुण थांबली. सगळंच थांबलं. खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा, चित्राताईंचा कुकर, काहीच ऐकू येईना. पलीकडून कुणीतरी कान देऊन ऐकत असावं, अशी ती शांतता होती. भगवानच्या हातून चाकू सुटला आणि खिडकीबाहेर पडला. तो खाली पडल्याचा आवाज आला नाही.

"सरका," मालन म्हणाली.

तिने पदर कमरेला खोचला आणि एक पाय भिंतीला लावला.

"वहिनी, हात नका लावू..."

"का? माझ्या घरातलं टोक आहे. तिकडून कोण धरून बसलंय, बघू तरी."

आणि तिने ओढलं.

दोर आला. थंडगार, शेवाळाने बुळबुळीत. एक हात, दोन हात, खोलीभर. ती विहिरीतून कळशी ओढावी तशी ओढत राहिली, दात आवळून, मध्येच त्याला दटावत. "या आता. फार झालं. माणसाने किती वाट बघायची?" दोर येता येता जाड होत गेला, मनगटाएवढा झाला. वेटोळ्यांचा धक्का लागून दळणाचा डबा आडवा झाला आणि सगळं पीठ लादीवर सांडलं. ओला दोर त्या पिठातून सरपटत आला. भगवान भिंतीला चिकटून उभा होता. त्याच्या चपलांना ते वेटोळं लागलं, तसा त्याने पाय वर घेतला.

शेवटी टोक आलं. खिडकीच्या चौकटीवरून आत पडलं, धप्प करून, बरोबर भगवानच्या पुढ्यात.

तुटलेल्या दोराचं टोक कुंच्यासारखं पिंजलेलं असतं. सुटलेल्या दोराला गाठीचा पीळ राहतो. हे टोक सपाट होतं. एका घावात कापलेलं. कापल्या जागेवर लाल रंगाचा कपचा चिकटला होता. टगच्या मागच्या बाजूला अडीअडचणीसाठी जी कुऱ्हाड टांगलेली असते, तिला तोच लाल रंग होता.

"बोट बुडायला लागली होती," भगवान म्हणाला. तो खाली बसला होता, पिठातच. "बुडता बुडता टगलाही मागे खेचत होती. टगवर आम्ही पाच जण होतो... उत्तम तिकडे नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा होता. त्याने मला कुऱ्हाड उचलताना बघितलं. ओरडला नाही. दोरावर हात ठेवून नुसता उभा राहिला."

मालनच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"कापलात म्हणून मी तुम्हाला शिव्या देणार नाही," ती म्हणाली. "त्यांच्या हातात कुऱ्हाड असती तर पाच जणांसाठी त्यांनीही कापला असता. पण तुम्ही वाचलात, भाऊ, घरी आलात, सुके कपडे घातलेत आणि मग म्हणालात त्याची गाठ सुटली. ज्याने शेवटपर्यंत तुमच्या दोरावर हात ठेवला, त्याची गाठ. ते मी सोडणार नाही. काढा फोन."

"वहिनी, माझं लायसन जाईल. केस होईल..."

"होऊ दे. ज्या ग्रुपवर खोटं टाकलंत, त्याच ग्रुपवर खरं बोला. मग चौकशीवाल्यांकडे जा. नाहीतर ओढत बसा जन्मभर. मला घाई नाही."

वेटोळं हललं. अगदी थोडं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं.

भगवानने फोन काढला. ग्रुप उघडला आणि फोनमध्ये बोलून सगळं सांगितलं, कुऱ्हाडीसकट. उत्तमची गाठ शेवटपर्यंत धरून होती, मीच दोर कापला, असं स्पष्ट नाव घेऊन. मेसेज गेला. लगेच त्याचा फोन वाजला. रेतीबंदरावरून पोरगा ओरडत होता, ते मालनलाही ऐकू आलं. टग एकदम सुटली होती, समोरच्या बोटीवर आपटता आपटता राहिली होती.

वीज आली. पंखा फिरायला लागला. खोलीत मोठा दोर नव्हता. गजाला बांधलेला हातभर तुकडा तेवढा खिडकीबाहेर लोंबत होता, कोरडा ठणठणीत. पण लादीवरच्या पिठात कणकेची वेटोळी उमटली होती.

भगवान दाराशी थबकला. "आता सोडाल ना गाठ?"

"ती मी सोडायची नसते," मालन म्हणाली. "तुम्ही चौकशीवाल्यांकडे जा."

तो गेला. तिने दार लावलं, कडी घातली. मग खिडकीशी येऊन गाठीकडे बघत राहिली. तिला ती कधीच सोडता आली नसती, इतकी ती पक्की होती.

"तुमचं नाव मी तुम्हाला परत दिलंय," ती हळूच म्हणाली. "गाठीचं तुमचं तुम्ही बघा. मी काही पाण्यात सोडायची नाही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि चहा ठेवला. सवयीने तीन कप काढले. एक परत ठेवायला हात पुढे झाला, तेवढ्यात बेल वाजली, म्हणून कप तसाच राहिला. सान्वी आली होती. मालनने कडी काढली आणि उतू चाललेल्या चहाकडे परत धावली.

"ई, मम्मी, हे पीठ कसलं?" सान्वी दारातच बूट काढत होती. मग तिचा आवाज खाली आला. "मम्मी... पप्पांचा दोर खिळ्याला कुणी लावला?"

मालन बाहेर आली. खिडकीचा गज मोकळा होता. दाराजवळच्या खिळ्याला हातभर दोर गुंडाळून लावला होता, शेवटचा फेरा आतून घेऊन, उत्तम घ्यायचा तसा. पिठावर नवं पाऊल एकही नव्हतं.

सान्वीने आईचा हात धरला. त्यांच्या नळाला पाणी सकाळी येतं, ते दुपारपर्यंत जातं. दोघी बघत होत्या त्या मोरीच्या बंद दाराआड आता पाणी वाहत होतं, आणि कुणीतरी सावकाश पाय धूत होतं.

डिझेलचा वास दाट होत चालला होता. मालनने पदर सारखा केला. आवाज तिने नेहमीचाच ठेवला.

"पायपुसणं पुढे सरकव," ती म्हणाली. "आणि चहात साखर कमी घाल. त्यांना गोड चालत नाही."