आहे माझ्याकडे

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. वीज गेलेली नव्हती, वादळ नव्हतं. सुट्टीच्या दिवसाची भर दुपार होती आणि खोलीत एवढा उजेड होता की जमिनीवर पडलेली सुईसुद्धा दिसली असती.

मी डॉक्टर आहे. अपघात विभागात काम करते. जे तपासता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. हेही आजवर घरात कोणाला पूर्ण सांगितलेलं नाही. पण घडलं ते असं घडलं. यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

आमचा विभाग तळमजल्यावर आहे. दार ढकलून आत आलं की डावीकडे पहिली खाट. सगळ्यात गंभीर पेशंट तिच्यावर. डोक्याशी ऑक्सिजन आणि घशातली घाण ओढून घ्यायची नळी, शेजारी मॉनिटर. समोरच्या कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल.

त्या स्टुलाची एक गंमत होती. कोपऱ्यात ठेवलं तरी थोड्या वेळाने ते पहिल्या खाटेशी आलेलं असायचं. कोणी आणलं, हे कोणालाच माहीत नसायचं.

"फरशीला उतार आहे," मी म्हणायचे.

"हो तर," वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या. "आणि तो उतार फक्त स्टुलाला कळतो. ट्रॉली बिचारी अडाणी."

मावशी तिथे सगळ्यात जुन्या. मोठ्या सिस्टरांबद्दल मला त्यांनीच सांगितलं.

मोठ्या सिस्टर या आमच्या विभागाच्या पूर्वीच्या इन्चार्ज. मी रुजू व्हायच्या आधीच त्या गेल्या. पण त्यांनी घालून दिलेली एक पद्धत तिथे अजून चालते. मी ती दुसऱ्या कुठल्याच दवाखान्यात पाहिली नाही.

जखमेतून रक्त वाहत असेल तर एकाने त्यावर दाब धरायचा. थांबलं का, हे बघायला हात उचलायचा नाही. उचलला की धरलेलं सगळं वाया जातं. हात भरून आला तर दुसऱ्याने आपला हात पहिल्याच्या हातावर ठेवायचा, जोर द्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "आहे माझ्याकडे." मगच खालचा हात अलगद काढायचा.

ते शब्द ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. छत कोसळलं तरी.

मोठ्या सिस्टर गेल्या त्या तशाच. पहिल्या खाटेवरच्या पेशंटची जखम धरून त्या स्टुलावर बसल्या होत्या. गर्दी होती. हात बदलायला कोणी आलं नाही. त्यांनी डोकं खाटेच्या कडेला टेकवलं. लोकांना वाटलं, थकल्या असतील...

सर्जन आले तेव्हा तो हात गार पडलेला होता.

पण दाब तसाच होता.

"पेशंट वाचला," मावशी म्हणाल्या. "सिस्टरांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पण 'आहे माझ्याकडे' असं त्यांना कोणी म्हणालंच नाही बघा."

मी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला नाही.

त्या दुपारी जवळच एक बस उलटली होती. जखमींना वरच्या मजल्यावर हलवून झालं होतं. सर्जन ऑपरेशनला उभे होते, बाकीचे डॉक्टर त्यांच्याबरोबर. खाली मी, नवीन लागलेली सिस्टर आणि मावशी. एवढ्या गोंधळानंतर खोली अगदी रिकामी झाली होती.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा ब्रेक वाजला.

दोन माणसांनी एकाला झोळीसारखं उचलून आत आणलं. मांडीपासून खाली सगळं लाल. मी चेहरा पाहिला.

माझा धाकटा भाऊ होता.

घरी आम्ही त्याला ढब्बू म्हणतो. दोन मुलांचा बाप झाला तरी ढब्बूच. खिडक्यांना काचा बसवायचं काम करतो. उतरवताना मोठी काच फुटली होती आणि तिचा तुकडा जांघेत घुसून बाहेर आला होता.

पाय कापला तर वरून आवळपट्टी बांधता येते. जांघेत ती बांधायला जागाच नसते. तिथे फक्त हात.

मी जखमेत पट्टी कोंबली आणि दोन्ही हातांनी सगळं वजन टाकलं. आपल्या माणसावर स्वतः उपचार करू नयेत, असं आम्हाला शिकवतात. शिकवणाऱ्यांनी त्या दुपारी दुसरा डॉक्टरही पाठवायला हवा होता.

"ताई, तू आहेस होय?" तो म्हणाला. "मग संपलंच माझं."

"गप पड, ढब्बू."

"पॅन्ट कापू नको गं. नवीन आहे."

"कापून झाली."

"पाणी दे."

"आत्ता नाही."

"आईला सांगेन हां..."

लहानपणापासून तो हेच म्हणतो. पण ओठ पांढरे पडले होते. कपाळावर गार घाम होता. नाडी पळत होती आणि बोटाखाली दोऱ्याएवढी बारीक लागत होती. तो सारखा उठून बसायला बघत होता.

रक्त गेलेला माणूस स्वस्थ पडत नाही. तळमळतो, पाणी मागतो, अंगावरचं पांघरूण भिरकावतो. नातेवाईक त्या तळमळीला घाबरतात.

आम्ही घाबरतो ते तो शांत होतो तेव्हा.

सिस्टरने दोन्ही हातांना सुया लावल्या. मी तिला रक्तपेढीकडे पळवलं. "कोणालाही चालेल त्या गटाच्या मिळतील तेवढ्या पिशव्या आण. सह्या नंतर." वरचा फोन कोणी उचलत नव्हतं, म्हणून मावशींना सर्जनांना बोलवायला पाठवलं. त्याला आणणारे दोघे बाहेरच्या बाकावर होते. रक्त बघून एकाला भोवळ आली होती, दुसरा त्याला सांभाळत होता.

खोलीत आम्ही दोघंच उरलो.

मॉनिटर वाजत होता. ढब्बू पुटपुटत होता. काच, टेम्पो, पोरांची शाळा, काहीही.

मग पुटपुटणं थांबलं...

"ढब्बू?"

काही नाही.

"ए ढब्बू, आईला काय सांगणार होतास?"

त्याच्या घशातून गुळगुळ आवाज आला. उलटी झाली होती आणि ती बाहेर येण्याऐवजी श्वासात अडकत होती. नळी त्याच्या डोक्याशी, भिंतीवर. मी कमरेशी. हात लांबवला तरी पोचणार नव्हता.

हात सोडला तर रक्त जाईल. नाही सोडला तर श्वास.

"कोणी आहे का?" मी ओरडले.

कोणी नव्हतं.

त्याचे ओठ निळे पडायला लागले. मी पुन्हा ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

आणि माझ्या मागे... फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज आला.

माझ्या हातांवर एक हात आला.

गार होता. पण जोर कसा द्यायचा हे त्याला माहीत होतं. तळवा नेमका जागेवर, कोपर ताठ. कानाशी बाईचा आवाज आला. थकलेला, शांत.

"आहे माझ्याकडे."

मी वळून पाहिलं नाही. पाहायचा प्रश्नच नव्हता, शब्द ऐकले होते. मी हात खालून काढले आणि डोक्याशी धावले. मान वळवली, नळी तोंडात घातली, घसा साफ केला, ऑक्सिजन लावला. तो खोकला. श्वास आत गेला.

"सिस्टर, तशाच धरून राहा," मी म्हणाले.



मी मान वर केली...

जांघेवरच्या पट्टीशी कोणीच नव्हतं.

पट्टी आत दबलेली होती. तळव्याएवढा खोलगट खळगा, आणि त्याच्या पुढे चार बोटांच्या खुणा. मी बघत होते तेव्हा त्यातलं एक बोट किंचित सरकलं आणि पुन्हा घट्ट बसलं.

पट्टीच्या कडेने ताजं रक्त येत नव्हतं. थेंबसुद्धा नाही.

स्टूल खाटेला टेकलेलं होतं.

नवी सिस्टर पिशव्या घेऊन पळत आली. रक्त चढवायला लागली आणि मग थबकली. "मॅडम... दाब कोणी धरलाय?"

मावशी तिच्या मागोमाग आल्या. त्या आधी स्टुलाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "स्टुलाला कोणी धक्का लावू नका. वर बोलावलंय. खाटच ढकला."

लिफ्टमध्ये आम्ही तिघी आणि खाट. मला उगाच दाटी वाटत होती.

ऑपरेशनच्या टेबलावर सर्जनांनी पट्टी काढली आणि बघतच राहिले. "मोठी शीर फाटली आहे. आणि सगळं कोरडं? दाब कोणाचा होता?"

नवी सिस्टर माझ्याकडे बघायला लागली.

"आणि तो एसी कमी करा कोणीतरी. हात बधिर व्हायला लागलेत माझे."

त्यांनी शीर शिवली. तपासली. हातमोजे काढले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. सर्जन ते शब्द कधीच म्हणत नाहीत. ती खालच्या मजल्याची पद्धत.

ढब्बू वाचला. पुन्हा कामाला लागला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

मध्यंतरी तो माझ्याकडे आला. पाय उत्तम चालतो, पण शिवलेल्या जागी सतत गार लागतं, म्हणाला. "कोणीतरी हात ठेवून बसल्यासारखं. झोपलो तरी."

मी त्याची सोनोग्राफी करवून घेतली. तपासणाऱ्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "प्रवाह छान आहे. पण शीर बाहेरून थोडी दबलेली दिसते. घट्ट पट्टा बांधलाय का?"

काहीही बांधलेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, यांना सांगू नका. रात्री पांघरूण घातलं की तेवढ्याच जागी खाली दबतं. आणि सकाळी स्वयंपाकघरातली खुर्ची पलंगाजवळ असते. मी रोज परत नेऊन ठेवते."

आमच्याकडचं स्टूल आता कोपरा सोडत नाही. मावशींनी मला ते आधीच सांगितलं होतं.

त्या दिवशी मी ढब्बूला माझ्या खोलीत आडवं केलं.

"काढ ना ताई ते, काय आहे ते," तो म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

मी कपड्यावरून तिथे तळवा ठेवला.

माझ्या तळव्याखाली बोटांचे सांधे लागले. गार. एकाशेजारी एक.

ते वाट बघत होते.

फक्त दोन शब्द म्हणायचे होते. खालचा हात निघाला असता आणि एक बाई, जिला आजवर कोणी मोकळं केलं नाही, ती मोकळी झाली असती. टाके पक्के आहेत. शीर भरून आली आहे. हे सगळं मी स्वतः पडद्यावर पाहिलं आहे.

पण त्या दुपारी पट्टीखाली काहीच शिवलेलं नव्हतं, आणि तरी थेंब आला नव्हता. मग आजही नेमकं काय धरून ठेवतंय, टाके की तो हात? ते कळायला एकच मार्ग आहे.

"ताई?" ढब्बू म्हणाला.

मी काही न बोलता माझा हात काढून घेतला.

तो अजून अधूनमधून विचारतो. मी दर वेळी शब्द जिभेवर आणते आणि गिळते. नव्या मुलींना मी रोज तेच शिकवते ना...

बघायला हात उचलायचा नाही.