आठवड्याचा बेत, माणसं तीन

तिचा आठवडा एका परक्या माणसाच्या हातात होता, आणि तो माणूस तो चक्क मोठ्याने वाचत होता.

"बुधवार... कोबी घालून भात. कोबी अर्धाच, उरलेला अर्धा शुक्रवारच्या सूपला," असं पुटपुटत त्याने ढिगातला सगळ्यात मोठा कोबी उचलला.

ती ट्रॉलीची दांडी धरून त्याच्या मागेच उभी होती. गेल्या शनिवारी याच दुकानात तिचा आठवड्याच्या बेताचा कागद हरवला होता आणि सगळा आठवडा तिने नुसत्या आठवणीवर रेटला होता. बाबांनी आणि धाकट्या बहिणीने लागोपाठ दोन दिवस ऑम्लेट खाल्लं होतं, तेही तोंड वाकडं करून.

"तो कोबी खाली ठेवा. देठाकडे काळा पडलाय," ती म्हणाली. "आणि तो कागद माझा आहे."

तो दचकला. उंच, किडकिडीत, बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे. त्याने आधी कोबीचा देठ पाहिला, मग तिच्याकडे.

"म्हणजे आठवडाभर आम्हाला जेवू घातलं ते तुम्ही!"

तो पुस्तकं बांधायचा. घरी काका आणि तो, दोघंच. दोघांचाही स्वयंपाकाशी छत्तीसचा आकडा, त्यामुळे पाव-अंडी, नाहीतर अंडी-पाव. ट्रॉलीच्या तळाशी तिचा कागद सापडला आणि त्यांच्या घरात पहिल्यांदा सूप शिजलं.

"कागदाला कूपनं टाचली होती," ती डोळे बारीक करून म्हणाली.

"हो... त्यांची मुदत सोमवारी संपत होती. वाया गेली असती हो."

तिला रागवायचं होतं. पण कूपन वाया जाऊ न देणाऱ्या माणसावर रागवायचं कसं, हे तिला जमेना.

"फक्त एक अडचण झाली," तो म्हणाला. "वर लिहिलंय, माणसं : तीन. आम्ही दोघं. रोज एका माणसाचं उरायचं. काका म्हणाले, मग तिसऱ्या माणसाला बोलाव की."

ती हसली नाही. निदान वळून डाळींच्या फळीकडे जाईपर्यंत तरी नाही.

कागद त्या दिवशी त्याच्याकडेच राहिला, तो पुढच्या शनिवारी परत आला. त्याला मागून जाड पुठ्ठा लावलेला, कडा रेघेत कापलेल्या आणि समासात बारीक अक्षरात शेरे : 'सोमवार – काकांनी दोनदा मागितलं.' 'गुरुवार – करपलं, दोष माझा.' तिने तो दुकानात एकदा वाचला, घरी जाताना दोनदा. धाकटीने तो पिशवीतून काढून बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग शनिवार दुपार दोघांची झाली. ठरवलं कुणीच नव्हतं, पण चारच्या ठोक्याला दोघंही दारात हजर. उपाशीपोटी दुकानात यायचं नाही, ती शिकवायची. डोळ्यांसमोरच्या फळीवर महाग माल असतो, स्वस्त हवं तर वाकायचं. तो इमानदारीने वाकायचा, आणि वाकलेला असतानाच विचारायचा, "तुम्ही रागावलात की नाक असंच फुगतं का?" एकदा त्याने तिच्यासाठी कूपनांची वही बांधून आणली. पानापानाला कप्पे, कप्प्यांवर तारखा. वहीला नव्या कापडाचा आणि खळीचा वास होता. त्या रात्री... नको, ते धाकटीलाच विचारा, वही उशाखाली सापडली ती तिला.

एका शनिवारी तिने त्याला कार्ड दाखवलं. कूपनवर घेतलेल्या वस्तूमागे दुकान एक स्टिकर द्यायचं. साठ स्टिकर झाले की ओव्हन फुकट.

"ओव्हन कशाला?"

"केक करते मी. दवाखान्यात दिवसभर पेशंटचे नंबर लावायचे आणि रविवारी केक. ओव्हन शेजारच्या काकूंचा. त्या या महिन्याअखेर घर सोडून चालल्यात." तिने कार्ड मिटलं. "आठ जणांच्या ऑर्डरी हातात आहेत. ओव्हन नसेल तर सगळ्यांना नाही म्हणायचं. मला ते... म्हणवत नाहीये."

त्या दिवशी त्याने कूपनवर तीन साबण घेतले.

योजनेचा शेवटचा शनिवार उजाडला. तिचे स्टिकर झाले एक्कावन्न. नऊ कमी! तिने फरशी पुसायच्या औषधाच्या नऊ बाटल्या ट्रॉलीत भरल्या, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि एकेक करून फळीवर परत ठेवल्या. पुढच्या आठवड्याची भाजी बाटल्यांत घालवणं तिच्याने होईना. शेवटची बाटली ठेवताना तिचे डोळे भरून आले.

"हे घ्या," मागून तो म्हणाला.

त्याच्या हातात कार्ड होतं. बारा स्टिकर, एका रांगेत, फूटपट्टी लावून चिकटवलेले.

"तुमच्यासाठीच जमवले. सोलून तुमच्या कार्डावर लावू."

तिने नखाने एक कोपरा उचलून पाहिला. मग त्याने. मग गल्ल्यावरच्या मावशींनी चष्मा लावून चिमट्याने. स्टिकर काही हलेना.

"अहो, कशाने चिकटवलेत?"

"खळीने," तो ओशाळून म्हणाला. "स्टिकरचा डिंक मला कच्चा वाटला. पुस्तकं बांधतो ना... सुटेल असं काही मला चिकटवताच येत नाही."

एवढ्या दुःखातही तिला हसू फुटलं. मावशींनी खणातून एक फॉर्म काढला.

"दोन कार्डं जोडता येतात. पण एकाच घरची हवीत. इथे दोघांच्या सह्या, आणि इथे नातं."

नात्याचा रकाना कोरा होता. पेन तिच्या हातात होतं. लिही 'भाऊ', नाहीतर 'आतेभाऊ', कोण बघायला येतंय? पण भाऊ हा शब्द तिच्या हातून उतरेना, आणि का उतरत नाही हे तिला लख्ख कळलं.

"मी खोटं नाही लिहिणार," ती हळूच म्हणाली.

"नका लिहू." तो म्हणाला. "मी... ते खरं करायला तयार आहे. म्हणजे एक घर. तुम्हाला चालणार असेल तर. ओव्हनसाठी नाही हो! ओव्हन नाही मिळाला तरी."

रांगेतलं कुणीतरी खाकरलं. मावशी गालावर हात ठेवून दोघांकडे बघत बसल्या होत्या.

"माझे बाबा आहेत. धाकटी आहे," ती म्हणाली. "त्यांना सोडून मी कुठे जाणार नाही."

"माझे काका आहेत. त्यांना तुमच्या सूपची सवय लागलीये. मी तरी त्यांना कुठे सोडू?"

तिने त्याची ती खळीच्या पापुद्र्यांची बोटं धरली, दुकानात, रांगेसमोर.

"उद्या दुपारी जेवायला ये," ती म्हणाली. 'या' नाही, 'ये'. "काकांना घेऊन. बाबांशी तू बोलायचंस, मी ताटं वाढणार."

"येतो," तो म्हणाला.

"फॉर्म उद्या संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत चालतो," मावशी म्हणाल्या. "ठरलेलं लग्नही घरातलंच धरतो आम्ही. आता जरा सरका बाजूला, लोकांची भाजी सुकतेय."

बाजूला सरकून तिने पिशवीतून नव्या आठवड्याचा कागद काढला. सगळ्यात वर, दर शनिवारी लिहायची तीच ओळ होती. तिने 'तीन' खोडलं आणि शेजारी 'पाच' लिहिलं.

त्याने मान वाकडी करून वाचलं. वाचतच राहिला.

"मग कोबी अख्खा लागेल," तो म्हणाला आणि जवळजवळ पळतच भाजीकडे गेला. तिने लांबून पाहिलं, त्याने एक कोबी उचलला, उलटा केला, देठ नीट निरखला, आणि ठेवून दुसरा घेतला.