लख्ख उन्हातल्या छाया

सकाळी जाग आली तेव्हा चारुता घोरपडे सामना हरलेली होती.

उशीजवळचा फोन उचलून तिने निकाल पाहिला. पाचगणीच्या टेनिस स्पर्धेची पहिली फेरी, रुबिना शिकलगारकडून सहा-तीन, सात-पाच. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची सिल्व्हर ओकची झाडं तिथे असावीत असं नुसतं वाटत होतं. तिने पाय ताणले. पोटऱ्या दुखत नव्हत्या. तळहात कोरडे होते. हरल्याची एकही खूण अंगावर नव्हती.

हल्ली लहान स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्या अशाच व्हायच्या. सरावाच्या वेळी खेळाडू मापनसदरा घालत. त्याच्या धाग्यांत विणलेले संवेदक खांद्याचा झोका, पावलांची घाई, दमल्यावर बदलणारा श्वास असं सगळं टिपून घेत आणि त्यातून संगणकात त्या खेळाडूची छाया तयार होई. खेळाडू झोपलेल्या असताना त्यांच्या छाया एकमेकींशी खेळत. कोर्टवर उतरायचं ते फक्त शेवटच्या आठजणींनी. छायांचे निकाल क्वचितच चुकतात, असं सगळेच म्हणत. जागतिक क्रमवारीत सहाशेच्याही पलीकडे असलेल्या चारुताचं मत कुणी विचारलं नव्हतं.

इचलकरंजीला शाळेआधी गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारत बसणारी ती मुलगी आता एकोणतीस वर्षांची झाली होती. या मोसमात ती एकही गुण प्रत्यक्ष खेळली नव्हती. कधीकधी तिला स्वप्नात आपली छाया दिसे. पाठमोरी, कुठल्याशा अनोळखी गावातल्या कोर्टवर, न दमता धावणारी. चारुता तिला हाक मारी, पण ती वळून बघत नसे.

ती बॅग भरत होती तेवढ्यात दारावर टकटक झाली. रुबिना होती. मिरजेच्या या रुबिनाशी ती शाळकरी वयापासून खेळत आली होती.

"निघालीस?" रुबिनाने विचारलं.

"हरले ना मी."

रुबिना पलंगाच्या कडेला टेकली. "आणि मी जिंकले म्हणे. गेल्या तीन स्पर्धांत पहिली फेरी जिंकतेच आहे. पण चारू, मला त्यातलं काहीच आठवत नाही. अम्मी फोनवर विचारते, कसा झाला सामना? काय सांगू तिला?" तिने चारुताची बॅग बाजूला सरकवली. "प्रत्यक्ष खेळू या. दोघींनी मागणी केली तर छायांचा निकाल रद्द होतो. नियमच आहे तसा."

नियम चारुतालाही माहीत होता. तो कधी कुणी वापरला नव्हता, कारण जिंकलेली कशाला मागणी करेल?

"आणि हरलीस तर?"

"तर निदान हरल्याचं आठवेल."

मुख्य पंच सरनाईकबाईंनी दोघींचं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "रुबिना, नीट विचार केलायस?"

"हो, बाई."

तांबड्या मातीच्या कोर्टवर सामना सुरू झाला. पहिला सेट रुबिनाने सहज घेतला, अगदी छायेने घेतला होता तसाच. चारुताचं अंग जड झालं होतं. रॅकेट दुसऱ्याच कुणाची तरी असावी असं तिला वाटत होतं.

मग दरीतून धुकं वर आलं. आधी पलीकडची कुंपणाची जाळी दिसेनाशी झाली, मग रुबिना. रेषांवर नजर ठेवणारे कॅमेरे बंद पडले.

"थांबवू का?" सरनाईकबाईंचा आवाज आला.

"नको," दोघी दोन टोकांकडून म्हणाल्या.

चारुताने क्षणभर डोळे मिटले. पलीकडे मातीवर बूट घसरल्याचा आवाज आला, पाठोपाठ चेंडूचा. टप्पकन, जरा बोदा. म्हणजे रुबिनाने चेंडू तळातून कापला होता. पांढऱ्या धुक्यातून तो वर येण्याआधीच ती त्याच्या जागी जाऊन उभी होती. पाण्याखाली पोहावं तशी ती खेळू लागली, हलकी, सावकाश, तरीही वेळेवर. दुसरा सेट तिने जिंकला.

बाजू बदलताना तिने विचारलं, "बाई, छाया धुक्यात कशा खेळतात?"

"त्यांच्या कोर्टवर नेहमी लख्ख ऊन असतं," सरनाईकबाई म्हणाल्या. "धुकं कुणी घातलंच नाही त्यात. ऐकायलाही शिकवलेलं नाही."

तिसरा सेट लांबत गेला. शेवटच्या गुणाला चारुताने कोपऱ्यात चेंडू मारला आणि तो कुठे पडला हे तिलाही दिसलं नाही. पलीकडे मातीवर पावलं वाजली. मग धुक्यातून रुबिनाचा आवाज आला. ती खाली वाकून मातीतली खूण बघत असावी.

"रेषेवर आहे, बाई. सामना तिचा."

दोघी बाकावर बसल्या. चारुताच्या पोटऱ्या दुखत होत्या, तळहाताला फोड आला होता. तिला लहान मुलासारखं हसू येत होतं. रुबिनाने टॉवेलने तोंड पुसलं. डोळे पुसायला जरा जास्त वेळ लागला.

"हा आठवेल," ती म्हणाली. मग चारुताकडे न बघता तिने विचारलं, "आता पुढची फेरी तुझी छाया खेळणार. समजा ती जिंकली, तू शेवटच्या आठांत आलीस. आणि हरलेली मुलगी तुझ्याकडे येऊन म्हणाली, ताई, प्रत्यक्ष खेळू या. तर उतरशील?"

चारुता आजवर कधीच शेवटच्या आठांत पोहोचली नव्हती. 'हो' हा शब्द तिच्या ओठांवर होता. मग तो बाहेर पडायला इतका वेळ का लागत होता?