वाटेवर ठेवलेली सॅक

किल्ल्याला वळसा घालून जाणारी ती वाट म्हणजे काही डोंगर चढणं नव्हे. तान्ह्या पोराला छातीशी बांधून आईबाप जात, गुडघे धरलेली आजी काठी टेकत जाई, आणि लहान पोरं तर धावतच सुटत. तिकिटाच्या खिडकीपासून निघायचं, खंदकाच्या कडेकडेने झाडीत शिरायचं, मागच्या पडक्या दरवाजापाशी बसून डबे खायचे आणि उतरणीने पुन्हा खिडकीशी यायचं. सुटीच्या दिवशी म्हाताऱ्याची लेक घराघरांतली माणसं गोळा करून अशी सहल काढायची. लेक सगळ्यांत पुढे चाले, बुरुजांच्या गोष्टी सांगे. म्हातारा सगळ्यांत मागे.

मागे चालणं हेच त्याचं काम. पोरं त्याला शेपूटबाबा म्हणायची. कुणाची नाडी सुटली, कुणी फुलं तोडत बसलं, कुणाला दम लागला, की तो तिथे उभा राही आणि माणूस चालायला लागला की मग आपण पाऊल उचली.

"बाबा, तुमच्यामागून गोगलगाय निघाली ना, तर तीसुद्धा पुढे जाईल," लेक म्हणायची.

"जाऊ दे की. ती हरवणार तरी नाही," म्हातारा म्हणायचा.

त्या सहलीत एक रीत होती. वाटेत कुणाला झुडपाआड जायची गरज पडली, तर त्याने आपली सॅक वाटेच्या कडेला ठेवून जायचं. म्हातारा मागून आला की सॅक बघून थांबे. दुसऱ्या कुणी ती सॅक उचलायची नाही, जागची हलवायची नाही. तिथे झाडी दाट, धुकं कधी उतरेल सांगता येत नाही. आत गेलेल्या माणसाला वाट दिसत नाही, सॅक तेवढी दिसते. तिच्या रंगावर नजर ठेवून तो बाहेर येतो.

त्या दिवशी आभाळ मळकट होतं, पण पाऊस नव्हता. माणसं जमली. त्यांत एक जोडपं होतं आणि त्यांची छोटी मुलगी. म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं. आदल्या वर्षी ते आले होते तेव्हा चौघं होते. मुलीचा मोठा भाऊ होता, सात-आठ वर्षांचा, तोंडाला क्षणाची उसंत नाही असा. पूर्ण वाटभर तो पुढे गेलाच नव्हता, म्हाताऱ्याचं बोट धरून मागेच राहिला होता.

म्हातारा विचारणार, तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी त्याला जरा बाजूला घेतलं.

"बाबा, मुलाचं काही विचारू नका हं माझ्या बायकोला. थंडीत ताप आला... आणि गेला तो. तेव्हापासून ही घराबाहेर पडलीच नव्हती. आज स्वतःहून म्हणाली, किल्ल्यावर जाऊ."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याने त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला.

सगळे निघाले. छोटी वडिलांच्या खांद्यावर बसून पुढे गेली. आई मात्र हळूहळू मागे पडत गेली, आणि खंदकाचं पहिलं वळण संपेपर्यंत ती म्हाताऱ्याच्या बरोबरीने चालत होती. तिच्या पाठीवर एक तपकिरी सॅक होती. एका बाजूचा पट्टा तुटलेला, गाठ मारून जोडलेला.

मग तीच म्हणाली, "तो तुमच्याबरोबर होता ना, मागच्या वेळी?"

"होता. माझं डोकं खाल्लं त्याने. खंदकात मगरी होत्या का, विचारलं; मी म्हटलं, होत्या. मग कुठे गेल्या, तर तोच म्हणे, निवृत्त झाल्या."

ती हसली. हसता हसता तिने ओठ आवळले आणि तोंड फिरवून तटाकडे बघत चालायला लागली. म्हाताऱ्याने आपली चाल आणखी हळू केली.

पडक्या दरवाजापाशी डबे उघडले. पोरं दगडांवरून उड्या मारत होती. कुणी सँडविच मातीत पडलं म्हणून भोकाड पसरलं, कुणी ते फुंकून खाल्लं. एवढ्यात खालच्या झाडीतून धुकं वर यायला लागलं. आधी झाडांचे बुंधे गेले, मग बुरूज गेला, मग हाताच्या अंतरावरची माणसं फिकी दिसायला लागली.

"चला, डबे आवरा," लेक म्हणाली. "मुलांचे हात धरा. एकामागे एक उतरायचं. बाबा आहेत मागे."

उतरणीला धुकं फारच दाट झालं. पुढच्यांचे आवाज कानात कापूस कोंबल्यासारखे येत होते. पायाखालची पानं ओली होती, त्यांचा कुजका वास येत होता. ती आई म्हाताऱ्याच्या जरा पुढे होती, मग तिची पाठ दिसेनाशी झाली. म्हातारा काठीने वाट चाचपत एका वळणाशी आला आणि थांबला.

वाटेच्या कडेला एक सॅक ठेवलेली होती.

लहान मुलाची, हिरवी. तिच्यावर कापडाचा बेडूक शिवलेला होता.

म्हातारा आपल्या सवयीने उभा राहिला. "कोण आहे रे आत? घाई नाही हं. मी आहे इथे."

झुडपाआडून आवाज आला, "आलोच, आजोबा! थांबा हं!"

म्हाताऱ्याचा हात काठीवर घट्ट झाला. तो आवाज त्याला ओळखीचा वाटला, आणि वाटला म्हणूनच त्याने मान वर केली नाही. धुक्यात आता पानांचा वास नव्हता. गोड, चिकट असा वास येत होता. तापात पोरांना चमच्याने पाजतात त्या औषधाचा.

पावलं वाजली. आई पळत पळत वर येत होती.

"कोण बोललं? बाबा, आत्ता कोण बोललं?"

मग तिला सॅक दिसली. ती मटकन खाली बसली.

"ही तर... ही कपाटात आहे. वरच्या खणात. मी स्वतः ठेवली आहे. किल्ली माझ्याजवळ आहे."

"आई," झुडपाआडून आवाज आला. "आलोच ना."

ती उठून झुडपात शिरणार, तोच म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं. ती झुडपं त्याला ठाऊक होती. त्यांच्या पलीकडे उभं राहण्यापुरती जागा, आणि मग सरळ खंदक.

"नको. आत नाही जायचं मुली. तिकडे जमीन नाही."

"तो आहे तिथे!"

"असेल. पण आपण आत जायचं नसतं. येणारा आपणहून येतो."

बराच वेळ तिचा हात त्याच्या हातात ओढ घेत राहिला, मग सैल पडला. ती त्या हिरव्या सॅकशेजारी वाटेवरच बसली.

"मग मी इथे थांबते. तुम्ही जा खाली. सगळ्यांना सांगा, मी थांबले आहे."

खालून, फार खालून, छोटीचा आवाज आला. "आई! ए आई!"

आईने मान फिरवली नाही. म्हाताऱ्याला भीती वाटली ती तेव्हा. आवाजाची त्याला तेवढी वाटली नव्हती. ही बाई इथून उठणार नाही, आज नाही नि उद्याही नाही, हे त्याला तिच्या मानेवरून कळलं. तो गुडघे धरत तिच्यासमोर बसला.

"हे बघ मुली. थांबायचं काम माझं आहे. इतकी वर्षं दुसरं केलंय काय मी? इथे मी थांबतो. खाली जी हाक मारते आहे ना, तिच्याकडे जाणं मात्र मला जमणार नाही. तिला मी नको आहे."

"तो आला आणि मी नसले तर?"

"मी असेन ना. माझं बोट धरून येईल. धरलं होतं की मागे."

ती रडली. मोठ्याने नाही. कपाळ गुडघ्यांवर टेकून, जसं कुणी थकून झोपावं तसं. मग तिने त्या बेडकावरून बोट फिरवलं, सॅक उचलावी म्हणून हात पुढे केला, आणि म्हाताऱ्याकडे बघून मागे घेतला.

"अंधार पडला तरी जाऊ नका हं, बाबा. त्याला अंधार नाही आवडत."

"नाही जाणार."

ती उठली. पट्ट्याची गाठ खांद्यावर सारखी करत धुक्यात उतरत गेली. तिची पावलं म्हाताऱ्याला ऐकू येत होती. मध्येच ती थांबली. मग पुन्हा वाजायला लागली. म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला.

तो बसून राहिला. सॅककडे तोंड करून, काठी मांडीवर घेऊन. थंडी हाडांत शिरत होती. त्याचे डोळे मिटले असतील, नसतील. झुडपाआड कुणीतरी हसलं, लहान मूल हसतं तसं, दबून. आणि त्यावर दुसरं कुणीतरी हसलं. ते हसू मोठ्या माणसाचं होतं.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. धुकं विरळ होत चाललं होतं. हिरवी सॅक तिथे नव्हती.

तिच्या जागी तपकिरी सॅक होती. एक पट्टा तुटलेला, गाठ मारलेला. वाटेच्या कडेला, नीट, रीतीप्रमाणे ठेवलेली.

"मुली?" त्याने झुडपाकडे तोंड केलं. "तू... तू खाली गेलीस ना?"

"येतेच हं, बाबा," झुडपाआडून आवाज आला. शांत, सुखाचा आवाज. "थांबा थोडं..."

तो थांबला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. शेवटी खालून लेक धापा टाकत वर आली.

"अहो बाबा! सगळे केव्हाचे खाली पोचले. शेपूटच राहिलं मागे. जीव घाबरा झाला माझा."

"ती बाई? मुलीची आई?"

"मघाशीच आली. नवऱ्याशी बोलत उभी आहे."

"आली? मग ही कुणाची?"

लेकीने सॅक पाहिली. "विसरलं असेल कुणीतरी." ती उचलायला वाकली.

"हात लावू नको!"

बापाचा असला आवाज तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. झुडपं बाजूला करून तिने आत पाहिलं. गवतावर दव होतं, कुठे पुसलेलं नाही. त्यापुढे खंदकाची कड. ती परत आली, म्हाताऱ्याचा दंड धरला आणि त्याला लहान पोरासारखं खाली नेलं. सॅक तिनेही उचलली नाही.

खाली माणसं गाड्यांत सामान भरत होती. आई खरंच उभी होती तिथे. पाठीवर तपकिरी सॅक, खांद्यावर तीच गाठ. म्हाताऱ्याला बघून ती गोड हसली.

"आलात, बाबा? दमलात ना?"

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आता ती विचारेल, आला का तो? झुडपातून बाहेर आला का, बोट धरलं का? तिने काहीच विचारलं नाही. ती नवऱ्याकडे वळून घरी जाताना दूध घ्यायचं आहे असं काहीतरी म्हणाली.

नवऱ्याने डोळे पुसत म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. "काय समजावलंत हो तिला? किती महिन्यांनी असं बोलते आहे. तुमचे उपकार फार झाले."

एवढ्यात म्हाताऱ्याच्या कोटाला खालून ओढ बसली. छोटी होती. गाडीच्या मागच्या बाजूने, सगळ्यांना वळसा घालून ती त्याच्यापाशी आली होती. त्याने कान खाली नेला.

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या आईला कधी आणणार?"

"अगं... आई ती काय, तिथे उभी आहे."

छोटीने तिकडे पाहिलं नाही. तिने तोंड त्याच्या कोटात खुपसलं आणि मान हलवली. नाही, नाही, नाही.

"चल गं राणी," पलीकडून आईची हाक आली. किती मायेची हाक ती. "घरी जायचं ना आपल्याला?"

गाडीचं दार उघडलं. छोटीने म्हाताऱ्याचं बोट मुठीत धरलं, आणि म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं की ते सोडवून घ्यायला त्याचा दुसरा हात पुढे होत नाहीये.

"चल ना, बाळा," हाक पुन्हा आली. जरा जवळून.