आजोबांच्या बनियनवरचा डाग

बनियनवर पुन्हा डाग होता. पुसट, लालसर, छातीच्या डाव्या बाजूला. शाल्मलीने आजोबांचा गळा पाहिला, हात पाहिले. कुठे साधं खरचटलेलंही नव्हतं. मग रक्त आलं कुठून?

तिचे आजोबा, डॉ. केशव खानोलकर, मालवणजवळ समुद्रतळावरच्या केंद्रात शैवालांवर संशोधन करत. सुट्टीत ती त्यांच्याकडे आली होती.

"गंज लागला असेल गं," आजोबा म्हणाले.

केंद्रातली आरोग्य-रोबो टिटवी मात्र गर्रकन वळली. "आजोबा, स्तनाग्र (स्तनाचं टोक) आत ओढलं गेलंय का?"

शाल्मली दचकली. "बिघडलीस का टिटवी? स्तन बायकांना असतात!"

"पुरुषांनाही स्तनांची ऊती (एकाच कामाच्या पेशींचा समूह) असते, फक्त थोडी. म्हणून त्यांनाही स्तनाचा कर्करोग होऊ शकतो. क्वचित, पण होतो."

आजोबांच्या हातातला चहा तसाच राहिला. "टोक दिवाळीपासूनच आत गेलंय," ते हळूच म्हणाले. "दुखत नाही, म्हणून बोललो नाही."

"दुखत नाही म्हणजे बरंच ना?" शाल्मलीने विचारलं.

"नाही. सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही," टिटवी म्हणाली. "म्हणून दुखण्याची वाट बघायची नाही. स्तनात किंवा काखेत नवी गाठ लागली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली किंवा लाल पडली, आकार बदलला, टोकातून रक्त आलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. बहुतेक वेळा काही गंभीर नसतं. पण ते आपण नाही ठरवायचं."

दुसऱ्याच दिवशी पाणबुडीने ते मालवणला गेले. डॉक्टर परुळेकरबाईंनी बायोप्सी (ऊतीचा लहानसा तुकडा काढून तपासणी) केली. आठवड्याने अहवाल आला. कर्करोगच निघाला. शाल्मलीला खरं वाटेना. आजोबांना? तेही स्तनाचा?

"गाठ लहान आहे," बाई म्हणाल्या. "पसरलेली नाही. वेळेत आलात."

शस्त्रक्रिया झाली. बरे झाल्यावर आजोबांनी केंद्रातल्या सगळ्यांना बोलावलं आणि सदरा वर करून छातीवरचा व्रण दाखवला. पाणबुडे एकमेकांकडे बघून हसू लागले. आजोबा बोलत राहिले, तसं हसू ओसरलं. मग मागून धिप्पाड रामा तांडेल उठला. त्याचा हात काखेत होता.

"डॉक्टर," तो आजोबांना म्हणाला, "पुढची पाणबुडी कधी सुटते?"